जुन्या कॅडिलॅकच्या ॲक्सेसरीज: दुरुस्ती आणि नवीन बसवणं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९६६ ची कॅडिलॅक सेडान डी व्हिल आहे. राहतो डेट्रॉइटच्या जवळ, म्हणजे गाडी जिथे बनली तिथून तासाभराच्या आतच. मंडळातले लोक, भाचे-पुतणे आणि त्यांचे मित्र तेच तेच प्रश्न विचारतात, कधी रात्री अकराला फोन करून, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. इंजिन-गिअरबॉक्सबद्दल इथे फारसं काही नाही, ते बिचारं ४२९ क्युबिक इंचाचं व्ही-एट आहे आणि त्याला तेल-पाणी दिलं की ते चालतं. त्रास देतात त्या ॲक्सेसरीज: काचा, कुलुपं, एसी, घड्याळ, रेडिओ, सीट.

हे सगळं फक्त १९६६ लाच लागू आहे का?

साधारण १९६३ ते १९७० च्या कॅडिलॅकला बरंचसं लागू पडेल, वायरचे रंग आणि पार्ट मात्र वर्षागणिक बदलतात तेव्हा डोळे झाकून कॉपी करू नका. १९५३ च्या आधीची गाडी असेल तर ती ६ व्होल्टची, तिचा हिशेबच वेगळा.

काका, गाडी घेतली, अर्ध्या गोष्टी बंद आहेत. सुरुवात कुठून करू?

पार्ट मागवू नका. हे पहिलं आणि हेच शेवटचं. मी पहिल्या वर्षी एक पॉवर विंडो स्विच, एक ब्लोअर मोटर आणि एक हॉर्न रिले असे तीन पार्ट घेतले, तिन्ही जुने पार्ट चांगलेच होते, ते आजही डब्यात पडून आहेत. दोष होता अर्थमधे. साठ वर्षांच्या गाडीत पत्र्याला पत्रा जिथे बोल्टने जोडलाय तिथे गंज असतो, रंगाचे दोन-तीन थर असतात, आणि करंटला बॅटरीकडे परत जायला रस्ता मिळत नाही.

तर असं करा. एक साधा मल्टीमीटर घ्या. जी गोष्ट चालत नाही ती चालू करा, मग मीटरची एक पिन त्या मोटरच्या बॉडीला आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब आहे, विषय संपला, बोल्ट काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि परत आवळा. मग हेच पॉझिटिव्हच्या बाजूने, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत. नुसतं "करंट येतोय" हे टेस्ट लॅम्पने बघणं पुरेसं नाही कारण लॅम्पला अगदी थोडा करंट लागतो, गंजलेल्या वायरवरही तो पेटतो आणि आपण म्हणतो की वायर ठीक आहे, मोटर गेली.

इंजिनापासून बॉडीच्या फायरवॉलला (इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्याला) जाणारी अर्थची पट्टी आहे का तेही बघा. इंजिन कधी काढलं असेल तर परत लावताना ही पट्टी हमखास विसरतात. माझ्या गाडीत नव्हतीच.

मॅन्युअल कुठलं घ्यायचं?

दोन लागतात आणि इथेच लोक फसतात. कॅडिलॅकच्या शॉप मॅन्युअलमधे इंजिन, वायरिंग, एसी वगैरे आहे. पण दारं, काचा, कुलुपं, सीट हे सगळं फिशर बॉडीचं, म्हणजे जीएमच्या (जनरल मोटर्स, कॅडिलॅकची मालक कंपनी) बॉडी बनवणाऱ्या विभागाचं काम, त्याचं सर्व्हिस मॅन्युअल वेगळं. एकच घेतलं तर नेमकं जे पाहिजे ते पान दुसऱ्यात असतं. वायरिंगचा डायग्राम मोठा छापून घ्या, लॅमिनेट करा आणि गॅरेजच्या भिंतीवर लावा, बायको काही म्हणणार नाही, तिने तोपर्यंत आशा सोडलेली असते.

काचेची मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही.

म्हणजे मोटर आणि काच यांच्या मधली जोडणी कुठेतरी सुटलीय. एकतर गिअरचे दात झिजलेत, नाहीतर रेग्युलेटरचा (काच वर-खाली करणाऱ्या सांगाड्याचा) रोलर काचेखालच्या खाचेतून बाहेर आलाय. गाडी सत्तर-ऐंशीच्या दशकातली असेल तर त्या जीएम मोटरच्या गिअरमधे प्लॅस्टिकच्या तीन छोट्या गुंड्या असतात, त्यांचा भुगा होतो, त्या बदलल्या की तीच मोटर परत चालते, अख्खी मोटर बदलायची गरज नसते.

आता नीट ऐका. दाराचं पॅनेल काढलं, समोर मोटर दिसली, तीन बोल्ट दिसले, म्हणून ते लगेच सोडवायला जाऊ नका. रेग्युलेटरला एक जाड गुंडाळलेली स्प्रिंग असते, काचेचं वजन पेलायला, आणि ती सतत ताणलेली असते. मोटरनेच ती रोखून धरलेली असते. मोटर सुटली की रेग्युलेटरचा पंख्याच्या आकाराचा दातेरी भाग फटकन फिरतो, आणि मधे बोट असेल तर बोट राहत नाही, हे मी शोभेसाठी म्हणत नाही. मोटर काढायच्या आधी तो दातेरी भाग मागच्या पट्टीला बोल्टने पक्का बांधायचा, भोक नसेल तर ड्रिलने पाडायचं, मॅन्युअलमधे चित्रासकट दिलंय. काच वरच्या टोकाला लावून टेपने किंवा लाकडाच्या पाचरीने अडकवून ठेवा, ती खाली आली तर दुसरी काच शोधत बसाल. माझं एक बोट वाचलं ते केवळ मी त्यावेळी जाड चामडी हातमोजे घातले होते म्हणून, नख मात्र गेलं.

काच चढते, पण इतकी हळू की टोल नाक्यावर मागचे हॉर्न मारतात.

आधी वरचा अर्थचा भाग वाचा. मग काचेच्या दोन्ही बाजूचे कापडी-रबरी चॅनेल बघा, ते वाळून कडक होतात आणि काच त्यात रुतते. सिलिकॉन स्प्रे मारा, पेट्रोलियमवालं तेल नको, रबर फुगतं. आणि रेग्युलेटरवरचं मूळ ग्रीस आता मेणासारखं झालेलं असतं, ते खरवडून काढून पांढरं लिथियम ग्रीस लावा. माझ्या चारपैकी तीन काचा एवढ्यावरच सुधारल्या.

सगळ्याच काचा एकदम बंद आणि पाच मिनिटांनी आपोआप चालू होत असतील तर फ्यूज शोधू नका, तिथे सर्किट ब्रेकर आहे, तापला की तोडतो आणि गार झाला की जोडतो. कुठलीतरी एक मोटर जास्त करंट खातेय.

डॅशबोर्डच्या मागे सतत 'स्स्स' आवाज येतो. गॅस लीक आहे का?

घाबरू नका, हवा आहे. त्या काळी कॅडिलॅकने अर्ध्या गोष्टी विजेवर आणि अर्ध्या व्हॅक्यूमवर चालवल्या. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या पाइपमधून) हवा ओढली जाते, तीच ओढ बारीक रबरी नळ्यांमधून हीटरच्या झडपांना, दाराच्या कुलपांना, डिकी उघडायच्या बटणाला जाते. पार्किंग ब्रेकसुद्धा! गाडी ड्राइव्हमधे टाकली की व्हॅक्यूमने तो आपोआप सुटतो, १९६० पासून आहे हे. मंडळाच्या पिकनिकला पोरांना हे दाखवलं की "परत करा, परत करा" चालू होतं.

आता ह्या नळ्या कडक होऊन तडकतात, आणि एक जरी फुटली तरी त्या ओळीतल्या पुढच्या सगळ्या गोष्टी मलूल पडतात, वर इंजिनही आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) धडधडतं. शोधायची पद्धत म्हणजे हातपंप, पिस्तुलासारखा, वर छोटा मीटर असलेला, ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो. आधी मॅनिफोल्डवर मोजा, गरम इंजिनला आयडलवर १७ ते २० इंच (पाऱ्याचे, मीटरवर तसंच लिहिलेलं असतं) पाहिजे. मग एकेक नळी सुटी करून तिला पंपाने १५ इंच ओढ द्या आणि मिनिटभर बघा. काटा हलला नाही तर ती शाखा ठीक. पडला तर त्याच नळीवर पुढे पुढे जात राहा. कंटाळवाणं काम आहे पण यात अंदाज नाही, थेट सापडतं.

दोन सूचना. नळी काढायच्या आधी फोटो काढा, रंगीत रेघा असतात त्या धुळीखाली दिसत नाहीत, ओल्या फडक्याने पुसा. आणि ताठर नळी ओढून काढू नका, तिच्या खालचं प्लॅस्टिकचं टोक तुटतं आणि ते टोक ज्या डब्याला आहे तो डबा नवीन मिळत नाही. नळीला ब्लेडने उभी चीर द्या आणि सोलून काढा, नळी काय, मीटरवर मिळते.

दाराचं कुलूप लागतं पण उघडत नाही.

दाराच्या आतल्या व्हॅक्यूमच्या डब्यात एक रबरी पडदा असतो, त्याच्या दोन बाजू, एकीकडून ओढलं की लॉक आणि दुसरीकडून ओढलं की अनलॉक. तुमची एक बाजू फुटलीय, किंवा त्या बाजूची नळी दाराच्या बिजागरीपाशी घासून तुटलीय. आधी बिजागरी बघा, तिथे नळी दिवसातून पन्नास वेळा वाकते. विजेवरचे ॲक्च्युएटर बसवायचे किट मिळतात, रिमोटसकट. मी नाही बसवले. व्हॅक्यूमच्या कुलपाचा जो हलकासा 'थप' आवाज आहे तो त्या किटमधून येत नाही, तिथे एकदम टॅक्सीसारखा 'खटाक' येतो.

हिवाळ्यात कम्फर्ट कंट्रोल लावला तर ब्लोअर सुरूच होत नाही. बिघडलाय?

बहुतेक नाही. आणि ह्या प्रश्नावर मी थोडा जास्त लिहिणार आहे कारण ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

१९६४ ला कॅडिलॅकने कम्फर्ट कंट्रोल आणला. ६५ ते ८५ फॅरनहाइटमधला आकडा लावायचा आणि विसरून जायचं, हीटर की एसी, पंखा किती, झडप कुठली, सगळं गाडी ठरवणार. कॉम्प्युटर नाही, चिप नाही. तापमान बघणारे तीन सेन्सर, एक बाहेरची हवा, एक गाडीतली आणि एक पाइपमधून येणारी, तिघे एका माळेत. त्यांच्या रेझिस्टन्सवरून एक छोटा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर व्होल्टेज ठरवतो, ट्रान्सड्यूसर त्या व्होल्टेजचं व्हॅक्यूममधे रूपांतर करतो आणि ते व्हॅक्यूम एका सर्व्होला ढकलतं जो गरम-गार हवेची झडप फिरवतो आणि पंख्याचा वेगही बदलतो. साठ वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे केलं.

आता मूळ प्रश्न. थंडीत इंजिनचं पाणी गरम होईपर्यंत ब्लोअर मुद्दाम बंद ठेवलेला असतो, नाहीतर पायावर गार हवा येईल. मिशिगनच्या जानेवारीत चार-पाच मिनिटं तर लागतातच. त्यानंतरही आला नाही तर मात्र शोधा.

शोधायचा क्रम: आधी व्हॅक्यूम, सर्व्होपर्यंत पूर्ण येतंय का. मग गाडीतल्या हवेच्या सेन्सरपर्यंत जाणारी हवेची नळी, ती निघालेली असते आणि मग सेन्सरला गाडीतल्या हवेऐवजी डॅशबोर्डमागची कोंडलेली गरम हवा लागते, गाडीला वाटतं फार गरम होतंय आणि ती बर्फासारखी हवा सोडत बसते. मग सेन्सरचा रेझिस्टन्स, माळेतला एक तुटला की सगळी माळ गेली. मग सर्व्होवरचे तांब्याचे कॉन्टॅक्ट, ते काळे पडतात, पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसा, सँडपेपर नको. ॲम्प्लिफायर आणि ट्रान्सड्यूसर सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलट क्रमाने जातात.

सगळं काढून तिथे साधा हाताने फिरवायचा कंट्रोल बसवणारे आहेत. चालतं ते. पण मग ही गाडी घेतली कशाला.

एसीमधे आर-१३४ए भरू का?

याला सरळ हो-नाही उत्तर नाही. मूळ गॅस आर-१२. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ च्या शेवटी थांबलं, पण वापरायला बंदी नाही. विकत घ्यायला ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं) सेक्शन ६०९ सर्टिफिकेट लागतं, परीक्षा अवघड नाही, मी दिलीय, पुस्तक उघडं ठेवून द्यायची असते. हवेत सोडणं मात्र बेकायदा, कुठलाच गॅस हवेत सोडायचा नाही.

माझं मत असं: सिस्टिम घट्ट असेल, गळत नसेल, तर आर-१२ वरच ठेवा. हा फ्रिजिडेअरचा ए-६ कॉम्प्रेसर आणि त्याचा कंडेन्सर त्या गॅससाठीच बनलाय आणि त्यावर तो इतका गार करतो की ऑगस्टमधे स्वेटर मागाल.

गळत असेल, सगळं उघडावंच लागणार असेल, तर १३४ए चा विचार करा, पण नीट करा. जुनं मिनरल ऑइल या गॅसबरोबर फिरत नाही, ते पूर्ण काढायचं, कॉम्प्रेसरमधूनसुद्धा, आणि एस्टर ऑइल भरायचं. सगळ्या ओ-रिंग बदलायच्या. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) नवीन. गॅस भरताना मूळच्या वजनाच्या साधारण ८० टक्के, मूळचं वजन मॅन्युअलमधे आहे. बाष्पीभवनाच्या बाजूचा दाब सांभाळणारा जो व्हॉल्व्ह पाइपवर आहे तो आर-१२ च्या दाबाला सेट असतो, तो १३४ए साठी थोडा खाली आणावा लागतो, नाहीतर एसी चालतो पण कोमट. आणि शक्य असेल तर कंडेन्सर पॅरलल फ्लोचा, कारण जुना या गॅसची उष्णता पुरेशी बाहेर टाकत नाही. नवीन फिटिंग आणि स्टिकर लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

एवढं सगळं नको म्हणून प्रोपेनवाला "ड्रॉप-इन" गॅस भरायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा. आर-१२ च्या गाडीत असले ज्वालाग्राही गॅस भरायला ईपीएची मनाई आहे आणि बाष्पीभवक (हवा गार करणारी जाळी) तुमच्या गुडघ्यांसमोर आहे.

आणखी एक. गाडी उभी राहिली की कॉम्प्रेसरचं पुढचं सील कोरडं पडून गळतं. दोन आठवड्यांतून एकदा पाच मिनिटं एसी लावा, हिवाळ्यात गॅरेजात उभी असेल तर ऊन पडलेला एखादा दिवस बघून.

घड्याळ बंद आहे. सगळ्यांचंच बंद असतं म्हणे?

हो, आणि कारण गमतीचं आहे. हे घड्याळ विजेवर चालत नाही, चावीवर चालतं. आत छोटी स्प्रिंग, ती सैल झाली की दोन कॉन्टॅक्ट चिकटतात, कॉइलला करंट मिळतो आणि ती एका झटक्यात स्प्रिंगला परत चावी देते. एकदोन मिनिटांनी येणारा तो 'टक्' तोच. बॅटरी उतरली की झटका पुरेसा जोरात बसत नाही, कॉन्टॅक्ट चिकटलेलेच राहतात आणि जळतात. म्हणून आठ-पंधरा दिवस गाडी बंद ठेवताना बॅटरी सोडवा.

कॉन्टॅक्ट साफ करून, घड्याळाचं हलकं तेल थेंबभर देऊन चालू होतं बरेचदा. नाही झालं तर आत क्वार्ट्झची मशीन बसवून मिळते, काटे आणि तबकडी तीच राहते. मी क्वार्ट्झ केलं. इथे मी माझ्याच तत्त्वाला मुरड घातली, पण वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ पाहिजेच होतं, घरी उशिरा पोचायचं कारण म्हणून तेच सांगायचो.

रेडिओला ब्लूटूथ जोडता येईल का? डॅश कापावा लागेल का?

डॅश कापायचं नाव काढू नका. डेल्कोचा (जीएमच्या विजेच्या पार्टची कंपनी) रेडिओ काढून त्याच्या पोटात नवीन सर्किट बसवून देणारे लोक आहेत, बाहेरून तीच बटणं, तोच काटा, आत ब्लूटूथ. नाहीतर मूळ रेडिओ तसाच ठेवून ग्लोव्ह बॉक्समधे छोटा ॲम्प्लिफायर आणि मागच्या सीटच्या पाठीमागे स्पीकर. मी दुसरं केलं. मूळ रेडिओवर एएम लागतं, त्यावर बेसबॉलची कॉमेंट्री, आणि भीमसेन जोशी लावायचे असले की ग्लोव्ह बॉक्सवाला.

मूळ रेडिओला नवीन स्पीकर जोडताना सांभाळा. डेल्कोचे ते स्पीकर १० ओहमचे, दुकानातले ४ ओहमचे. ४ चा जोडला तर थोडे दिवस छान वाजतो आणि मग आउटपुट ट्रान्झिस्टर जळतो.

सिगारेट लायटरमधे फोनचा चार्जर घालू?

नको. जुन्या लायटरच्या सॉकेटमधे गरम तार पकडायच्या पट्ट्या असतात, चार्जर त्यात नीट बसत नाही, कधीकधी शॉर्ट होतो. ग्लोव्ह बॉक्समधे वेगळा यूएसबी बसवा, फ्यूज लावून.

हेडलाइट अगदी पिवळट आहेत. एलईडी लावू का?

आधी रिले लावा, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. कारखान्यातून सगळ्या हेडलाइटचा करंट बॅटरीपासून डॅशवरच्या स्विचमधून, मग पायाच्या डिमर स्विचमधून, मग परत पुढे, असा फेरफटका मारून येतो, वाटेत एक-दीड व्होल्ट सहज हरवतो, आणि दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. रेडिएटरच्या बाजूला दोन रिले, बॅटरीपासून १२ गेजची वायर, फ्यूज, आणि जुनी वायर फक्त रिलेला इशारा द्यायला. त्याच सील्ड बीममधे (काच, आरसा आणि तार एकत्र बंद केलेला दिवा) फरक बघा. ते झाल्यावर हॅलोजनचे सील्ड बीम लावा, पावणेसहा इंचाचे, चार. मला तेवढं पुरलं.

एलईडी इंडिकेटर लावलेत आणि ते लुकलुकत नाहीत, सतत पेटून राहतात, हा पुढचा फोन असतो. जुना फ्लॅशर गरम होऊन तोडतो, त्याला गरम व्हायला पुरेसा करंट लागतो, एलईडी तो घेत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा, त्याला बहुधा वेगळी अर्थची वायर द्यावी लागते.

मोठा अल्टरनेटर बसवू का?

एसी, रिले, ॲम्प्लिफायर सगळं लावल्यावर मूळचा आयडलवर दमतो हे खरं. आत व्होल्टेज रेग्युलेटर असलेला डेल्कोचा १०एसआय किंवा १२एसआय त्याच ब्रॅकेटवर थोड्या खटपटीने बसतो, बाहेरच्या रेग्युलेटरच्या जागी जोडणी करणारा प्लग मिळतो. दोन गोष्टी विसरू नका. डॅशवरचा 'जेन'चा (जनरेटर, म्हणजे चार्जिंगचा) लाल दिवा पेटता असला पाहिजे, अल्टरनेटर जागा होतो तो त्या दिव्यातून आलेल्या करंटने. आणि १०० अँपिअरचा बसवलात तर त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची जुनी वायर त्याच्या लायकीची नाही, जाड वायर आणि फ्यूजिबल लिंक (फार करंट गेला की वितळून तुटणारा वायरचा तुकडा) टाका. वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या (डेट्रॉइटमधली जुन्या गाड्यांची जत्रा) गर्दीत, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, दोन तासांत चार मैल गेलेलो असताना माझी वायर तापून वास यायला लागला तेव्हा हे कळलं. आजूबाजूला सगळे गाड्यांचेच दर्दी, त्यामुळे अग्निशामक यंत्रं तीन पुढे आली, लागली एकही नाही.

ट्वायलाइट सेंटिनेल आणि गाइड-मॅटिक यात फरक काय?

पहिला अंधार पडला की दिवे लावतो आणि गाडी बंद केल्यावर थोडा वेळ पेटते ठेवतो, १९६० पासून. दुसरा समोरून गाडी आली की हाय बीम खाली आणतो, त्याचा आजा म्हणजे १९५२ चा ऑट्रॉनिक आय, जो डॅशवर रॉकेटसारखा बसायचा. सेंटिनेल दुपारीच दिवे लावत असेल तर डॅशवरच्या फोटोसेलवर धूळ आहे का बघा, माझ्या वेळी मुलीने त्यावर स्टिकर लावला होता.

पॉवर सीट एका बाजूने पुढे गेली, दुसरी बाजू तिथेच. तिरका बसून गाडी चालवतोय.

सीटखाली मोटर असते आणि तिच्याकडून दोन्ही रुळांवरच्या गिअरना फिरणाऱ्या केबल जातात. एका बाजूची केबल निघालीय किंवा तिच्या चौकोनी टोकाचे कोपरे झिजून गोल झालेत. बटण दाबून ठेवू नका, रूळ वाकतो. सीट काढायला दोन माणसं लागतात, ती बेंचसीट आहे, सोफा म्हणा.

गरम सीट पाहिजे असेल तर लाज बाळगू नका, कॅडिलॅकने १९६६ लाच ती ऑप्शनमधे दिली होती. आज मिळणारे कार्बन फायबरचे पॅड कापडाखाली सरकवता येतात. थर्मोस्टॅट असलेले घ्या, आणि रिलेवरून द्या.

खांद्यावरचा पट्टा बसवता येईल का?

बसवा, नातवंडं बसणार असतील तर जरूर. ६६ ला कमरेचेच पट्टे होते. पण वरचा बोल्ट नुसत्या पत्र्यात लावून उपयोग नाही, आत जाड लोखंडी पट्टी वेल्ड करावी लागते, विशेषतः मधला खांब नसलेल्या हार्डटॉपला. हे काम ज्याला बॉडीचं काम येतं त्याच्याकडून, यूट्यूबवरून नाही.

माझ्या गाडीत क्रूझ कंट्रोल नाही. भंगारातल्या गाडीचा काढून बसवू?

बसवता येतो, फक्त सगळं एकाच गाडीतून घ्या: युनिट, केबल, डॅशवरचा स्विच, ब्रेकवरचा स्विच, नळ्या, ब्रॅकेट, आणि ते चार विचित्र स्क्रूसुद्धा. वेगवेगळीकडून जमवलेलं कधी पूर्ण होत नाही. कुठल्या वर्षाचा पार्ट कुठल्या वर्षाला चालतो यासाठी हॉलंडरचं इंटरचेंज मॅन्युअल बघा. आणि पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर: ब्रेकला पाय लावला की सुटतो का, दहा वेळा.

टिल्ट-टेलिस्कोपिक स्टिअरिंग असंच बसवायचं म्हणाल तर अख्खा कॉलम बदलायचा आहे. मी नसतं केलं.

इकडे पार्ट फार महाग आहेत, पुण्याहून काही करून आणता येतं का?

रबर आणि काच नको, ते इथलंच घ्या. पण छोटे बुश, नॉबच्या आतल्या बाही, असलं काही जे कुठेच मिळत नाही ते भोसरीत लेथवाल्याकडे जुना तुकडा दाखवून नायलॉनमधे करून घेतलंय मी, बरोबर सहा नग, कारण एकासाठी तो मशीन लावत नाही. सूटकेसमधे लाडवांच्या डब्याशेजारी बसतात.

वायर जोडताना काय वापरायचं?

ते निळे, दाबून लावायचे टॅप दिसले की फेकून द्या. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी स्टिरिओसाठी सात लावले होते, सातही हिरवे पडलेले. मूळ वायर कापायची नाही. जिथे करंट घ्यायचाय तिथे फ्यूजबॉक्सच्या मोकळ्या टर्मिनलवरून घ्या, किंवा मधे आपला छोटा हार्नेस (वायरचा जुडगा) टाका ज्याची दोन्ही टोकं मूळ प्लगमधे बसतील. जीएमचे ते पॅकार्ड ५६ चे टर्मिनल आजही मिळतात, क्रिंप करायची खरी पक्कड घ्या, साध्या पक्कडीने चेपलेलं टर्मिनल दोन उन्हाळ्यात सैल होतं. उद्या कुणाला सगळं काढायचं असेल तर एका दुपारी निघालं पाहिजे, एकही वायर न कापता, अशा हिशेबाने जोडा.

बॅटरी चार दिवसांत उतरते.

निगेटिव्ह काढून मधे मीटर लावा. गाडी बंद, दारं बंद, ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत बसा. पण त्याआधी डिकीचा दिवा बघा. फोन व्हिडिओवर चालू ठेवून आत ठेवा आणि डिकी बंद करा, दिवा विझतो का ते मग फोनमधे कळेल. मी स्वतः आत बसून बघणार होतो, जागाही भरपूर आहे, बायकोने किल्ली हातात घेऊन "बरं" म्हटलं तेव्हा विचार बदलला.

हे सगळं बसवलं तर गाडीची किंमत कमी होते का?

कापाकापी केली तर होते. मूळ पार्ट डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून ठेवले असतील तर घेणारा काही म्हणत नाही. इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचा (गाडीची किंमत आधीच ठरवलेला) घ्या आणि काय काय बसवलंय ते त्यांना लिहून कळवा.

शॉपला द्यावी की स्वतः करावं?

एसीचा गॅस, वेल्डिंग, ब्रेक: शॉप. बाकी स्वतः. एका शॉपने माझ्याकडून व्हॅक्यूमची गळती शोधायचे सहा तासांचे पैसे घेतले आणि शेवटी सगळ्या नळ्यांना गोट्या घालून बंद करून दिल्या, आवाज गेला म्हणे. गेलाच होता, सोबत हीटरही.

मिशिगनमधे ही गाडी रोज चालवता येते का?

ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट असेल तर शो, परेड, क्लबचे कार्यक्रम यासाठी, आणि ऑगस्ट महिन्यात रोजच्या वापरालाही. म्हणून माझी सगळी कामं ३१ जुलैच्या रात्रीपर्यंत संपवायची धावपळ चालू असते, यंदा मागची डावी काच राहिलीय.